पॅड नवे, तरी ब्रेक वाजतायत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रेकच्या आवाजावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ब्रेकसारख्या गोष्टीला घरी हात लावायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. ब्रेक वाजले म्हणजे पॅड (ब्रेक दाबल्यावर चाकाच्या डिस्कला घासणारे तुकडे) संपले, ते बदलायचे. त्यावर एवढं लिहायचं काय? आणि शेवटचा, तुम्ही स्वतः पुढचे पॅड बदलून घेतलेत, तरी आठवड्याभरात आवाज परत सुरू झाला, म्हणजे हल्ली पार्टच भिकार येतात.

दुसरा आणि तिसरा आक्षेप शेजारी शेजारी ठेवून बघा. वाजणं म्हणजे पॅड संपणं एवढंच असेल, तर तुमचे नवे कोरे पॅड कशाने वाजतायत?

डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर, पॅड दाबला की तो सलग घासत नाही. तो किंचित धरतो, सुटतो, परत धरतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. त्या थरथरीला डिस्क आणि कॅलिपरची (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) साथ मिळाली की आपल्याला किंकाळी ऐकू येते. फळ्यावर खडू किंचाळतो ना, तसंच. खडू जरा तिरका धरला की तोच खडू गप्प होतो, नवा आणावा लागत नाही. पॅडच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, मागे शिम, म्हणजे पातळ पट्टी, लावलेली असते, ती याच थरथरीसाठी. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी आवाज कधी येतो ते बघा, मग पार्टच्या दुकानात जा.

पॅड संपल्याचा आवाज असतो, तो नाकारत नाही. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. मसाला, म्हणजे पॅडच्या पत्र्यावरचा घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि गाडी चालताना बारीक चिरका आवाज सुरू होतो. ब्रेक दाबल्यावर तो बहुतेक वेळा बदलतो किंवा थांबतो. पण ही जीभ सगळ्याच पॅडना नसते, त्यामुळे आवाज नाही म्हणजे पॅड शिल्लक आहे असं धरून चालू नका. आणि चिरक्या आवाजाच्या जागी खरखर आली, पेडलमध्ये धातू घासल्यासारखं जाणवलं, तर मसाला संपून पत्रा डिस्कवर आलेला असू शकतो. मग ती गाडी चालवायची नाही.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला वाजून गप्प होणारी गाडी ठणठणीत असते. रात्रीच्या दमटपणाने किंवा गाडी धुतल्यावर डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो घासून जातो. यासाठी काही खोलू नका.

आता तुमची केस. तुम्ही लिहिलंय की आवाज हळू वेगात, ब्रेक हलका दाबल्यावर येतो आणि डाव्या बाजूनेच येतो. मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे ‘डाव्या बाजूनेच’. पार्ट भिकार असता तर दोन्ही बाजूंनी वाजायला हवा होता, कारण दोन्हीकडचे पॅड एकाच डब्यातले. एकाच चाकाला त्रास असेल तर मी आधी कॅलिपरच्या पिना बघेन.

बहुतेक गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला पिस्टन (ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) आतल्या बाजूलाच असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर अडतो, पॅड वाकडा बसतो, ब्रेक सोडल्यावरही पुरता सुटत नाही. चांगली पिन रबरी बुटातून अंगठ्याने आत ढकलली की अडखळत नाही आणि हवेच्या दाबाने थोडी मागे येते. बिघडलेली पिन पिळून पिळून काढावी लागते, अंगावर तपकिरी गंजाचे पट्टे असतात आणि ग्रीस वाळून खरपुडीसारखं झालेलं असतं. घाईच्या कामात पॅड बदलले जातात, पिना तशाच राहतात. पिना पुसून कॅलिपरसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते.

मग पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकांना बाहेर आलेले भाग, ज्या पत्र्याच्या क्लिपांत बसतात त्या बघायच्या. क्लिपखाली गंज फुगला की पॅड घट्ट होतो, हाताने सरकत नाही. क्लिप काढून खालची जागा ब्रशने घासायची. ब्रेकचं खास ग्रीस कानांना आणि पॅडच्या पाठीला, पिस्टन टेकतो तिथे, पातळ लावायचं. मसाल्यावर किंवा डिस्कवर त्याचा थेंबही नको. आणि कोणी डिस्कवर तेलाचा स्प्रे मारायचा सल्ला देत असेल तर ऐकू नका. आवाज लगेच जातो आणि ब्रेकही जातो.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर बसवून घेतले होते का? मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, आणि मग थंड व्हायला थोडं चालवणं. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. हे राहून गेलं किंवा पॅड फार तापले, की मसाल्यावर काचेसारखी चकाकी येते. ती पॉलिश पेपरने घासून आवाज जातो, पण पिन अडकल्यामुळे पॅड तापत असेल तर चकाकी परत येणार.

धातू जास्त असलेले पॅड जास्त कुरकुरतात, सिरॅमिकचे तुलनेने शांत असतात. पार्टबद्दलचं तुमचं म्हणणं एवढ्यापुरतं मान्य.

राहिला बेजबाबदारपणा. मी कोणालाही ब्रेक ऑइलची लाइन सोडायला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ऑइल गळतंय, पेडल खाली जातंय, गाडी ब्रेकला एका बाजूला ओढतेय, यातलं काहीही असेल तर टो करून गॅरेजला न्या. मागच्या चाकाला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तिथेही घरी हात घालू नका, पिस्टन मागे घ्यायला गाडी सर्व्हिस मोडवर टाकावी लागते. बाकी चाक काढून बघणं ज्याला स्टेपनी बदलता येते त्याला जमतं, फक्त सपाट जागा, दुसऱ्या चाकांना ठोकळे आणि जॅकशिवाय वेगळा स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालायचा नाही. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. आणि काम झाल्यावर गाडी सुरू करून जागेवरच पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. पिस्टन मागे ढकललेला असेल तर पहिला ब्रेक थेट तळाला जातो, आणि ते फाटकापाशी कळणं बरं नाही.

तुमच्यासाठी काम एवढंच: डावं चाक काढा, आतला आणि बाहेरचा पॅड किती उरलाय ते मोजा, दोन्ही पिना हाताने हलवून बघा. उजवीकडचंही बघा, तुलनेला. गाडी फिरवून आणल्यावर डावं चाक जास्त तापतं का तेही लक्षात घ्या, पण डिस्कला हात लावू नका. आकडे इथेच टाका. दोन पॅडमध्ये फरक निघाला, तर पॅडच्या कंपनीला दिलेल्या शिव्या परत घ्याव्या लागतील.