रिकाम्या मेट्रोचा तो फोटो

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. रिकाम्या डब्याचा फोटो आणि खाली "पुणे मेट्रोत माणसंच नाहीत, लोक नुसती चक्कर मारायला जातात, मग नवे मार्ग कशाला, तेवढ्या पैशात बस घ्या". मला आत्तापर्यंत तीन काकांकडून आलाय.

आधी फोटोचं बोलू. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा वनाज ते गरवारे कॉलेज ५ किमी आणि पिंपरी ते फुगेवाडी ७ किमी असे दोन सुटे तुकडे होते, एकातून दुसऱ्यात जायचं तर मधे रिक्षा नाहीतर पीएमटीची बस. तेव्हा लोक खरंच पोरांना फिरवायलाच न्यायचे, मीपण भाचीला नेलंय. दुसरं करणार काय? १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही लाइन सिव्हिल कोर्ट स्टेशनला जुळल्या, सप्टेंबर २०२४ ला स्वारगेट जोडलं गेलं आणि आता सकाळी नऊला सिव्हिल कोर्टला उभं राहून बघा, वनाजकडून आलेली निम्मी गाडी उतरते आणि सगळे धावत खाली, कारण दुसरी लाइन जमिनीखाली ३३ मीटरवर, सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकाच्या पाठीला लॅपटॉपची सॅक. मार्ग वाढला म्हणून माणसं आली.

आणि मंडईला मेथीच्या जुड्या बाहेर डोकावणारी पिशवी घेऊन चढणाऱ्या मावशी काय चक्कर मारायला येतात?

बसचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बस वाढल्याच पाहिजेत, वाद नाही. पण त्या चालणार कुठून? नगर रोडची बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी लेन, काढली तेव्हा यातलेच काही जण "बरं झालं, रस्ता मोकळा झाला" म्हणत होते. होऊ घातलेली स्वारगेट-कात्रज भुयारी लाइन महाग आहे, २०२४ च्या मंजुरीत साडेपाच किमीला २,९५४ कोटी होते, आकडा बघून मलाही गरगरलं होतं. तरी संध्याकाळी सातला त्याच मार्गावरच्या सातारा रोडवर आणखी पन्नास बस सोडल्या तर त्याही धनकवडीच्या अलीकडे एकामागे एक उभ्याच राहतील की.

तिकीट परवडत नाही म्हणावं तर मेट्रोचं १० ते ३५ रुपये, आणि जून २०२५ पासून बसचंही १० पासूनच सुरू.

खरी बोंब पुढे आहे. स्टेशनवरून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरला रिक्षाला मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त जातात आणि चालत जावं तर फुटपाथवर बाइक लावलेल्या. त्यावर मेसेज बनवा, मी स्वतः दहा ग्रुपवर टाकतो.