उरलंसुरलं आणि भाऊजी

राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकते. काल चुलत दीर जेवायला आले आणि माझ्याच ओट्यापाशी उभं राहून मला काटकसर शिकवून गेले. मला! पाव शिळा झाला की त्याचा चुरा बरणीत भरणाऱ्या, कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा डब्यात जपणाऱ्या बाईला!

भाऊजी हल्ली व्हिडिओ बघतात. त्यांनी फ्रिज उघडला, आत मोबाईलचा टॉर्च मारला आणि पंचनामा सुरू केला.

"वहिनी, हे काय?"

"कालची डाळ."

"आणि हे?"

"कालचा भात."

"आणि हे काय होतं?"

"बटाट्याची भाजी. अजूनही आहे."

"तुम्हाला कल्पना नाही वहिनी, यात केवढं पोटेन्शियल आहे!"

कल्पना नाही म्हणे. डाळ आटवायची, बटाटा कुस्करायचा, पावाचा चुरा घालून कटलेट थापायची, हे माझं सकाळी दात घासतानाच ठरलं होतं. पण भाऊजींनी बाह्या सरसावल्या. "आज तुम्ही फक्त बसा. थोडंसं सामान लागेल, बस्स." थोडंसं म्हणजे चीज, क्रीम, मश्रूम, पिवळी ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह तेल. नवऱ्याला पिटाळलं. एरवी 'मीठ संपलंय' हे चारदा सांगावं लागणारा माणूस चपला घालून तत्काळ गेला. वाटीभर भात वाचवायला पिशवीभर सामान आलं.

तोवर भाऊजींचा मोर्चा कपाटाकडे. मॅकरोनीचं पाकीट उलटसुलट केलं, चष्मा कपाळावर चढवला, तारीख वाचली. "वहिनी! गेल्या आठवड्यात संपली!" आणि पाकीट थेट कचऱ्याच्या डब्यात. मी ते उचललं, पुसलं, जागेवर ठेवलं. अहो, ती 'बेस्ट बिफोर'ची तारीख. तिच्यानंतर चव जरा उतरेल, एवढंच. कोरडी मॅकरोनी, न फोडलेलं पाकीट, तिला काय धाड भरलीय? यावर भाऊजींनी मलाच आकडे ऐकवले. 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घराघरांतून, संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आहे. आकडे खरे आहेत, मीही वाचलेत. फक्त ते सांगताना माणसाचा हात पुन्हा माझ्या पाकिटाकडे जात होता.

मग राजमा. बरणीतून मूठभर कोरडा राजमा काढून ते डाळीत टाकायला निघाले. "मंद आचेवर होईल निवांत." मी हात धरला. राजम्यात लेक्टिन नावाचं पोट बिघडवणारं प्रथिन असतं. तो पाच-सहा तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग पुढे मऊ होईपर्यंत शिजवायचा. नुसत्या मंद आचेवर ठेवला तर सगळं घर रात्रभर संडासाच्या रांगेत. भात तर त्यांनी केव्हाच बाहेर काढून ठेवला होता, 'रूम टेंपरेचरला यायला'. शिजवूनही भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तग धरतात, भात बाहेर राहिला की ते रुजून जंतू वाढतात, आणि त्यांचं एक विष असं की पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून तर उरलेला भात मी तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ढकलते. शिवाय परतायला गारच भात बरा, दाणा सुटा राहतो.

"व्हिडिओत असं काही नव्हतं," भाऊजी म्हणाले. "तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता वहिनी."

ताटं वाढली. क्रीममध्ये बुडालेला भात, वर चीजची चादर, कडेला माझी बटाट्याची भाजी ओळख लपवून बसलेली. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! कमाल! काहीसुद्धा वाया घालवलं नाही!" हाच माणूस माझी कटलेट पुढे आली की विचारतो, "आज ताजं काही नाही का?"

मला खरं सांगायचंय ते हे. शिजवायला अर्धा तास लागतो. पण कुठली वाटी परवाची, कुठली कालची, काय आज संपलंच पाहिजे आणि काय उद्यावर ढकलता येईल, हा हिशोब दिवसभर एकाच डोक्यात चालू असतो, आणि ते डोकं या घरात माझंच आहे. त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. काढला तरी बघणार कोण? एक बाई फ्रिजसमोर उभी राहून पुटपुटतेय.

आता फ्रिजमध्ये अर्धं क्रीम, पाऊण चीज आणि मश्रूम आहेत. मश्रूम आमच्याकडे कोणी खात नाही. आणि ओटा? त्यांनी दोन कढया, तीन पातेली आणि माझा ठेवणीतला झारा काढला होता. घासायला मात्र व्हिडिओ नव्हता.

भाऊजी निघाले तेव्हा भात बराच उरला होता. मी डबा भरला आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "न्या हो, उद्या सकाळी जाऊबाईंना उपयोगी पडेल."

भाऊजींनी दोन पावलं मागे घेतली. "नको वहिनी. आमच्याकडे शिळं कोणी खात नाही."