बावीस जणींत हरवायला जागा नसते

ओक ट्री रोडवर पार्किंगच्या कडेला गुडघ्याएवढी भिंत आहे, तोच आमचा न्यू जर्सीतल्या एडिसनचा कट्टा. रविवारी किराणा गाडीत टाकला की कागदी पेल्यातला चहा घेऊन मंडळी तिथं टेकतात. बापूच्या लेकीला कॉलेजातल्या सोरोरिटीची, म्हणजे एकमेकींना बहिणी मानणाऱ्या मुलींच्या मंडळाची, बिड (आत येण्याचं बोलावणं) मिळाल्याचं शनिवारी रात्रीच ग्रुपवर झालं होतं, त्यामुळे नव्यानं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अण्णांनी नारळ फोडला. "बापू, पोरीला शिकायला पाठवलंस की नाचायला?" अण्णांच्या लेखी सोरोरिटी म्हणजे अलाबामाचे रील्स. एकसारखे कपडे, पांढरे खांब, पायऱ्यांवर टाळ्या. अण्णांनी मग उभं राहून टाळ्या वाजवूनही दाखवल्या. पलीकडे गाडी लावणारी एक बाई दचकली.

"बसा अण्णा, चहा सांडेल," ताई म्हणाल्या. ताई इथंच शिकल्या आणि गेली कित्येक वर्षं एका छोट्या चॅप्टरच्या, म्हणजे सोरोरिटीच्या कॉलेजातल्या शाखेच्या, सल्लागार आहेत. "तुम्ही बघता ती तीनतीनशे-चारचारशे मुलींची चॅप्टर्स. बापूच्या लेकीच्या कॉलेजात सोरोरिटी तीनच, आणि तिच्यात बावीस जणी. बंगला नाही, आचारी नाही. हॉस्टेलचा अर्धा मजला आणि बैठकीची एक खोली. आणि हे सगळं जन्मलं ते असल्याच लहान कॉलेजांत. १८५१ मध्ये जॉर्जियातल्या मेकनला, वेस्लियन कॉलेजात. १८६७ मध्ये इलिनॉयच्या मनमथ कॉलेजातल्या बारा मुली एका भाड्याच्या खोलीत जमल्या, तिथून पाय बीटा फाय निघाली. बंगले नंतरचे."

"पण बहिणी काय फी भरून मिळतात?" अण्णा.

"भाऊबंद फुकट मिळाले होते, त्यांच्याशी तुमचं कोर्टात काय चाललंय?"

अण्णांनी चहाचा घोट घेतला. सांगलीच्या जमिनीचा विषय कट्ट्यावर सहसा कोणी काढत नाही.

बापूचा घोर वेगळाच होता. लेक पहिलं सत्र खोलीत एकटी बसून काढत होती. आता रोज फोनवर नवी नावं सांगते, याचा आनंद होताच. पण उद्या या बावीस जणींनी तिला एकटं पाडलं तर?

ताईंनी पेला भिंतीवर ठेवला. "मोठ्या ठिकाणी रिक्रूटमेंटला, म्हणजे नव्या मुली निवडायच्या फेऱ्यांत, एक मुलगी पाच मिनिटं बोलते, मागून दुसरी येऊन खांद्याला हात लावते, पहिली उठते. वीस जणींशी बोलून झालं तरी चेहरा एकीचाही आठवत नाही. लहान चॅप्टरमध्ये बदलीला माणसंच नसतात. तिसऱ्या रात्री तीच मुलगी परत समोर येते आणि विचारते, तुझा केमिस्ट्रीचा पेपर कसा गेला? तिथून सुरुवात होते. पण खरी गाठ बसते ती कामानं. अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस, रिक्रूटमेंट, नव्या मुलींचं शिक्षण, जोखीम, पॅनहेलेनिकची, म्हणजे सगळ्या सोरोरिटींच्या मिळून समितीची, प्रतिनिधी, निधीचा कार्यक्रम... बावीसांतल्या दहाबारा जणींकडे पद असतंच. दुसऱ्या वर्षाच्या पोरीच्या हातात हिशेबाची वही येते. ती बैठकीला गेली नाही तर त्या रात्री ठरावच होत नाही. चारशेंत एक कमी झाली तर कोणाला कळत नाही. बावीसांत एक खुर्ची रिकामी राहिली की दहा मिनिटांत दारावर टकटक होते."

"म्हणजे पाळतच की," अण्णा पुटपुटले.

"ज्याची चौकशी करायला कोणी येत नाही ना अण्णा, त्याला विचारा पाळत बरी की शांतता."

यावर मलाही काही सुचलं नाही. पहिल्या सत्रातली त्या पोरीची खोली सगळ्यांनाच माहीत होती.

मग खजिनदार सरसावले. आमच्या मंडळाचे खजिनदार, त्यामुळे आकडा ऐकल्याशिवाय त्यांना विषय पटत नाही. "खर्च किती?" ताईंनी उलटी बाजू लपवली नाही. पहिलं सत्र सगळ्यात जड जातं, कारण नव्या सदस्याची फी, दीक्षेची (पक्कं सदस्य करून घेण्याच्या विधीची) फी आणि बॅज हे एकदमच येतं. नंतर दर सत्राची वर्गणी. आणि लहान चॅप्टरमध्ये जो खर्च ठरलेला असतो तो थोड्या डोक्यांत वाटला जातो. "कार्यक्रमाच्या हॉलचं भाडं बाराशे डॉलर धर. चारशेंत डोई तीन डॉलर. बावीसांत साडेचोपन्न." म्हणून बिड घ्यायच्या आधीच सगळे आकडे लेखी मागायचे. हप्ते आहेत का, बैठक चुकली तर दंड किती, घरच नसेल तर घराच्या नावानं काही घेतात का, हेही विचारायचं. व्हिसावर आलेल्या मुलींना सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं. त्यांनी तर हे आधी मांडून बघावं.

"आणि सह्या?" बापूनं हळूच विचारलं.

"तिथंच पोरी फसतात. शेवटच्या प्रेफरन्सच्या फेरीनंतर जो करार भरतात, त्यात जी सोरोरिटी नकोच आहे तिचं नाव लिहायचं नाही. कारण लिहिलेल्यांपैकी बिड आली आणि नाकारली, तर त्या कॅम्पसवर नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या संघटनेतली दुसरी कुठलीच सोरोरिटी पुढच्या मोठ्या रिक्रूटमेंटपर्यंत घेत नाही. वर्ष गेलं. उलट, दोन ठिकाणचं बोलावणं असताना हट्टानं एकच नाव लिहिलं तर हात रिकामे राहण्याचा धोका. आणि दीक्षा झाली की ती जन्माची. त्या संघटनेतल्या दुसऱ्या सोरोरिटीत पुन्हा कधीच जाता येत नाही."

"लग्नासारखं," खजिनदार म्हणाले आणि लगेच गाडीकडे बघून घेतलं.

जिला फेऱ्यांत कोणी घेतलं नाही तिनं लगेच खचायचं कारण नाही, हेही ताईंनी सांगितलं. चॅप्टरची संख्या ठरलेल्या मर्यादेखाली असली तर सत्रात कधीही बिड देता येते. लहान कॉलेजांत कित्येक मुली अशाच, कँटीनमधल्या कॉफीवरून आत आलेल्या असतात.

"आणि चॅप्टरच बंद पडलं तर?" माझा प्रश्न.

ताई जरा गप्प झाल्या. "पडतं. बावीसांतल्या आठ जणी मे महिन्यात पदवी घेऊन जातात. चौदा उरल्या, त्यांतल्या दोघी सत्रभर परदेशी. त्या साली तिघीच नव्या आल्या तर पंधरा जणींवर बावीसांचं काम पडतं. पोरी दमतात, चिडतात, दोघींचं भांडण होतं आणि लहान घरात भांडणाला दुसरी खोली नसते. म्हणून बापू, लेकीला सांग, चौथ्या वर्षाच्या किती जणी टिकल्यात ते मोज. गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का, ते विचार. तोंडं बघितली की उत्तर कळतं."

अण्णांनी आता शेवटचा पत्ता टाकला. "आपल्या पोरींना ह्या गोऱ्यांनी घेतलंच असतं का कधी?"

ताईंनी हे मान्य केलं, आणि ठामपणे केलं. कृष्णवर्णीय मुलींनी १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्वतःची अल्फा कॅपा अल्फा उभी केली. कमला हॅरिस तिथल्याच. स्वार्थमोर कॉलेजात एका ज्यू मुलीला नाकारलं तेव्हा त्याच सोरोरिटीतली मॉली यार्ड उलटून उभी राहिली, आणि १९३३ मध्ये मुलींनी मतदान करून सगळ्या सोरोरिटीच बंद केल्या. त्या परतल्या थेट २०१३ मध्ये. दक्षिण आशियाई मुलींनी १९९८ मध्ये टेक्सासात ऑस्टिनला कॅपा फाय गामा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा काढली. "पण बापूच्या लेकीच्या कॉलेजात आपल्या मुली हाताच्या बोटांवर. तिथं वेगळी चूल मांडायला माणसं कुठून आणणार? ज्या घरात ताट वाढलंय तिथं बसू दे तिला. फक्त डोळे उघडे ठेवून."

"आणि हेझिंग?" अण्णा अजून हटत नव्हते. "नव्या पोरींना राबवतात!"

"डिसेंबर २०२४ पासून केंद्राचा कायदा आहे. कॉलेजला हेझिंगचा अहवाल जाहीर करावा लागतो. बापू, आज रात्रीच संकेतस्थळावर तो उघड आणि चॅप्टरचं नाव शोध. आणि लेकीसाठी साधी खूण सांगते. जुन्या मुलीही शेजारी उभ्या राहून भांडी घासत असतील तर ते काम. त्या खुर्चीत बसून नव्यांकडून घासून घेत असतील तर ते हेझिंग."

बापू एकदम ताठ बसला. "ताई, मंडळाच्या गणपतीला बटाटेवड्यांसाठी पन्नास पौंड बटाटे असतात. नव्या कुटुंबांनी सोलायचे, हा अण्णांचा नियम. मी आठ वर्षं सोलतोय."

"ती सेवा आहे!" अण्णा ओरडले.

"बरं," ताई म्हणाल्या, "अण्णा तेव्हा कुठं असतात?"

"खुर्चीत," बापू आणि खजिनदार एकदमच म्हणाले. "पंख्यासमोर. हातात माइक."

खजिनदारांचा चहा नाकातून आला. अण्णा "पाठीचं दुखणं आहे, पाठीचं!" म्हणत होते, पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही.