बापाच्या टायमाची डबी

मला फक्त पाच गुंठे पाहिजे होते. हिंगणघाटच्या अलीकडं एक छोटंसं घर, समोर कडुनिंब, त्याखाली बाज, संपलं. पण जिरायतीचा २० गुंठ्यांखालचा तुकडा घेता येत नाही, आणि शेतात घर बांधायचं तर निदान एक एकर पाहिजे, म्हणजे ४० गुंठे. त्यातही शेतजमीन घ्यायला आधी आपण स्वतः शेतकरी असावं लागतं. तर आजोबांच्या आर्वीकडच्या सातबाऱ्यावर तेरा वारसांच्या रांगेत माझं नाव सापडलं आणि मी, ज्याला तूर आणि पऱ्हाटी लांबून सारखीच दिसते, कागदोपत्री शेतकरी निघालो.

फेरफार वगैरे सगळ्यांनीच सोसलेलं असतं, ते सांगत नाही. मोजणीत शेजारच्या काकाजींचा धुरा, म्हणजे बांध, आमच्या हद्दीत चार फूट आत निघाला. काकाजी शांतपणे म्हणाले, "हा धुरा माह्या बापाच्या टायमाचा आहे, तुमची मशीन कालची." काय बोलणार.

खरी गंमत काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा. विकणाऱ्यानं जमीन एप्रिलमध्ये दाखवली होती (हुशार माणूस), पांदणीनं कार थेट शेतात गेली होती. जुलैत त्याच पांदणीत रेतीची ट्रॉली फसली, तिला काढायला आलेला दुसरा ट्रॅक्टरही फसला, आणि अख्खी ब्रासभर रेती आम्ही टोपल्यांनी वाहिली. माझ्या एकेका चपलेला दोन-दोन किलो गाव चिकटलेलं. बायको छत्री घेऊन बांधावर उभी, एक शब्द बोलली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

पाऊस गेल्यावर पाया. अंदाजपत्रकात तीन फूट होता. मिस्त्री म्हणाला, मुरूम लागू द्या, म्हणजे काळीखालचा टणक थर. चार फूट, काळी. पाच फूट, काळी. सात फुटांवर मी वरून वाकून ओरडलो, "मिस्त्री, घर बांधायचं आहे, विहीर नाही!" खालून आवाज आला, "भाऊ, पैसे मातीत नाई घातले तं घर मातीत जाईन." आठव्या फुटाला पिवळा मुरूम लागला तेव्हा त्यानं तो ओंजळीत धरून असा वर दाखवला की मी नकळत हात जोडले. अर्धं बजेट जमिनीखाली गेलं, पाहुण्यांना दाखवताही येत नाही.

मग काटकसर म्हणून बाहेरच्या बाथरूमचा पाया मी अडीच फुटांवर आटोपला. मिस्त्री नाही म्हणत होता.

मेमध्ये, पारा ४६ वर असताना, बाथरूमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. मला रडू येत होतं, काकाजींना मात्र ती सोयीची वाटली. रोज दुपारी गप्पा मारायला यायचे आणि जाताना चुन्याची डबी त्या भेगेत ठेवून जायचे, घरी पोरं ती हरवून टाकतात म्हणून.

जुलैत दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी काकाजी भिंतीसमोर वाकून तार घालत होते. माती फुगली, भेग आवळली, डबी आत गच्च.

"भाऊ, तुमच्या भितीनं माही डबी गिळली न. बापाच्या टायमाची होती."

म्हटलं, फोडू का भिंत?

"नोको नोको. मे महिन्यात उकलन ते. म्या येतो."