आम्ही नाही त्यातले!

परदेशात एखाद्या भारतीयाला कोणी शिवी घातली किंवा अमेरिकेत काही घडलं, की आपल्याकडे एक मजकूर ठरल्यासारखा फिरू लागतो. त्याचा सारांश असा: 'वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग. भारतात तो कधीच नव्हता, हबशी मलिक अंबर इथे वजीर झाला. आपण तर काळ्या विठ्ठलापुढे डोकं टेकवतो. गोरा रंग आवडणं ही नुसती आवड. काळू, चिंकी ही थट्टा. आफ्रिकन लोकांवर राग आहे तो ड्रग्जमुळे. उलट आपणच वर्णद्वेषाचे बळी, गांधीजींना गाडीतून उतरवलं ते विसरलात?' खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

गांधीजींपासून सुरुवात करू, कारण ते विधान खरं आहे. 1893 च्या जूनमध्ये पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर त्यांना गोऱ्यांच्या डब्यातून बाहेर काढलं. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो इतरांवर करत नाही, असं कुठे आहे? त्याच दक्षिण आफ्रिकेत सुरुवातीच्या वर्षांत गांधीजी स्थानिक काळ्या लोकांना 'काफिर' (तिथे काळ्यांसाठी वापरला जाणारा हीन शब्द) म्हणत होते आणि हिंदी लोकांना त्यांच्या पातळीवर आणू नका, अशा तक्रारी सरकारदरबारी करत होते. पुढे ते बदलले. तरी घानाच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी हेच लिखाण पुढे ठेवलं आणि 2018 च्या डिसेंबरात तिथला त्यांचा पुतळा हटवला गेला.

विठ्ठलाचा मुद्दा ऐकायला गोड आहे. पण सावळ्या विठ्ठलाच्या दारात चोखोबा बाहेरच उभे राहिले, आणि ते दार दलितांना उघडावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. हा जातीचा प्रश्न होता, वंशाचा नव्हे. दोन्ही एक नव्हेत हे बाबासाहेबांनी 1936 सालीच स्पष्ट लिहिलंय. म्हणून चोखोबांचं उदाहरण मी वर्णद्वेषाचा पुरावा म्हणून देत नाही. देवाला पुजलं की माणसांशी वागणंही सुधारतं, एवढा दावा मात्र त्याने निकालात निघतो. देवघरात विठोबा असलेल्या घरांतूनच 'गोरी हवी' अशी अट येते आणि मुलीच्या बायोडेटात उंची-रक्तगटाच्या रांगेत 'वर्ण' असतो. त्यापुढे 'सावळा' लिहायला आईबाप कचरतात. मग 'निमगोरा', 'गव्हाळ'.

ही नुसती आवड? आवडीला एवढी मोठी बाजारपेठ लागत नाही. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली आली. तिच्या जाहिरातींतली मुलगी उजळली की तिला नोकरी मिळायची, नवरा मिळायचा, बापाची मान ताठ व्हायची. क्रीम विकलं जात होतं ते या भीतीवर. पुरुषांसाठीचं क्रीम 2005 मध्ये आलं. सावळी व्यक्ती दुःखी किंवा अपयशी दाखवू नका, असा नियम जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेला 2014 मध्ये करावा लागला. 2020 मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर गदारोळ झाला, तेव्हा कुठे 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं आणि शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची चाळणी काढली. मराठी वाहिन्यांचं काय सांगावं! सावळ्या मुलीची व्यथा मांडणारी मालिका गाजली, पण त्या भूमिकेसाठी उजळ अभिनेत्रीला गडद मेकअप फासला. सावळी अभिनेत्री अख्ख्या महाराष्ट्रात सापडत नसावी.

आता थट्टा. वेस्ट इंडिजचा दोन टी-20 विश्वचषक जिंकलेला कर्णधार डॅरेन सॅमी हैदराबादकडून आयपीएल खेळत होता तेव्हा त्याला 'कालू' म्हणत. त्याला वाटे, हा ताकदवान घोड्यासाठीचा शब्द आहे. खरा अर्थ त्याला 2020 मध्ये कळला आणि तो भडकला. थट्टा होती, तर ज्याची केली त्याला अर्थ सांगायला कोणाची हरकत होती? 2007 च्या ऑक्टोबरात बडोद्यात आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे आवाज काढून, हावभाव करून चिडवलं. वानखेडेवर पोलिसांनी चौघांना पकडलंही. 2021 मध्ये सिडनीत आपल्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांनी छेडलं तेव्हा खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं, आणि आपण सगळे संतापलो. योग्यच संतापलो. तिथल्या कोणी 'अहो, थट्टा होती' म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं का? 2020 च्या मार्चमध्ये ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना सूचना पाठवावी लागली. थट्टा आवरायला मंत्रालय कामाला लागत नाही.

सगळ्यात पक्का वाटणारा मुद्दा ड्रग्जचा. काही नायजेरियन नागरिक अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत पकडले जातात, हे नाकारायचं कारण नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. 2017 च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एक स्थानिक मुलगा मेला. शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला ड्रग्ज दिले, इतकंच नव्हे तर ते नरभक्षक आहेत, अशी अफवा उठली. पोलिसांनी पाच जणांना ताब्यात घेतलं आणि पुराव्याअभावी सोडलं. मग मेणबत्ती मोर्चातून निघालेल्या जमावाने मॉलमध्ये दिसेल त्या आफ्रिकन विद्यार्थ्याला खुर्च्या-डब्यांनी बदडलं. कोण कुठल्या देशाचा, कोणाचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. ओळख पटवायला कातडी पुरली. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी याला वंशद्वेषी हल्ला म्हटलं, तर चौकशी पूर्ण होण्याआधी तसं म्हणू नये, अशी आपल्या सरकारची भूमिका होती.

आता 2009 आठवा. मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते आणि व्हिक्टोरियाचे पोलीस सांगत होते की या संधिसाधू लुटालुटी आहेत, वंशाशी संबंध नाही. आपल्या वाहिन्यांनी ते उडवून लावलं. अमिताभ बच्चन यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाची मानद डॉक्टरेट नाकारली. आठ वर्षांनी बाजू बदलल्या आणि मेलबर्नच्या पोलिसांचंच वाक्य आपल्या तोंडी आलं.

गोव्यात 2013 मध्ये एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. राज्याच्या एका मंत्र्याने त्यांची तुलना कर्करोगाशी केली. खून झाला होता त्यांच्यातल्याच माणसाचा, हे चर्चेत मागेच पडलं.

वृत्तपत्रांचाही यात हातभार आहे. आफ्रिकेत 54 देश आहेत. बातमीत मात्र सुदानी, केनियन, टांझानियन सगळे पाहता पाहता 'नायजेरियन' होतात. आरोपी ब्रिटिश असेल तर 'ब्रिटिशांचा सुळसुळाट' असा मथळा कधी वाचलात? नालासोपारा किंवा मीरा रोडला घर शोधणारा आफ्रिकन माणूस दारात येतो तेव्हा असा मथळा त्याच्याआधी पोचलेला असतो.

राहिला 'कधीच नव्हता'. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये धर्म आणि जात यांच्या मधोमध 'वंश' आहे. 2014 च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा केसांवरून चिडवल्यानंतरच्या मारहाणीत जीव गेला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून हिणवणं हा स्वतंत्र गुन्हा करावा, अशी शिफारस केली.

मलिक अंबरचं म्हणाल तर ते खरंच आहे आणि अभिमानाने सांगण्याजोगं आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं. 1626 मध्ये तो वारला. आज उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात, घरात कोकणी बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. शहरात कामाला आले की लोक त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागतात आणि विचारतात, कुठल्या देशाचे?