फोटो पाहू द्या ना राजेहो!

कॉम्प्युटरवर फोटो पाहायच्या सॉफ्टवेअरात फोटो बदलला की विंडोनं आपला आकार काहून बदलावा? दीक्षाभूमीच्या स्तूपाचा आडवा फोटो पाहून 'पुढे' दाबलं, की झिरो माइलच्या खांबाचा उभा फोटो येतो आणि अख्खी विंडो आकसते. बटण कर्सरखालून सटकलेलं! लग्नाचे आठशे फोटो निवडणाऱ्यानं दर वेळी बटणच शोधत बसायचं?

६००० बाय ४००० चा फोटो १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर पूर्ण मावायला साधारण २७ टक्क्यांवर येतो. एवढ्यात डोळे फोकसमध्ये आहेत की नाहीत, कसं कळणार? १०० टक्के करा, तपासा, पुढे जा, की परत २७! चिमुकला फोटो मात्र ताणून स्क्रीनभर, चेहरा पार धुरकट. त्यात विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायची सेटिंग, १५० टक्के आणि सॉफ्टवेअर जुनं असलं, तर १०० टक्केसुद्धा खरे नसतात, चित्र दीडपट फुगवलेलं असतं.

इरफानव्ह्यू नावाच्या फोटो पाहायच्या सॉफ्टवेअरात फक्त मोठे फोटो विंडोत बसवायचा पर्याय केव्हाचा आहे. मोठा लहान होतो, लहान तसाच राहतो. एवढंच तर हवंय! बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांना काय अडचण आहे? आणि एकदा निवडलेली सेटिंग पुढच्या वेळी तशीच राहू द्या, रोज रोज कोण मेन्यू धुंडाळणार?