पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे

२ एप्रिलला लिहायला घेतलेली ही पोस्ट आज पुरी करतेय. राग ओसरायची वाट बघत होते. पूर्ण ओसरला नाहीच, पण ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याइतकं डोकं आता थाऱ्यावर आहे.

ऑटिझम दिनाच्या एका कार्यक्रमात मला ‘प्रेरणादायी मनोगता’साठी बोलावलं होतं. मी ४१ वर्षांची, ऑटिस्टिक, म्हणजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी. निदान झालं ३७व्या वर्षी, पेशा मुद्रितशोधनाचा. आयोजकांना आधीच ईमेलवर तीन गोष्टी कळवल्या होत्या. स्पीकरचा आवाज बेताचा ठेवा, स्टेजवरची फडफडणारी ट्यूब बंद करा, माझं बोलून झाल्यावर लगेच टाळ्या नकोत. उत्तर आलं, “हो मॅडम, नक्की.”

प्रत्यक्षात स्पीकर वरातीतले, आणि ट्यूब फडफडतच होती. ते एक वेळ जाऊ दे, मी मोठी बाई आहे, कानात बोळे घालून बसले. पण पहिल्या रांगेत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा दोन्ही कान घट्ट दाबून बसला होता. फोटोची वेळ झाली तशी एका ताईंनी त्याचे हात खाली ओढले. त्याने परत वर नेले. त्यांनी परत ओढले आणि धरून ठेवले. मी म्हटलं, राहू द्या ना. त्या हसून म्हणाल्या, “फोटोपुरतं हो. पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे.”

मागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत ‘स्विकार’ लिहिलं होतं. वेलांटीसुद्धा चुकीची.

माझं मनोगत मी दीड मिनिटात उरकलं. लिहून नेलेला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि एवढंच म्हणाले, की आज इथलं पहिलं मनोगत या मुलाने केलं, कान दाबून, आणि आपण ते खाली ओढलं. टाळ्या पडल्या. लगेच.

‘सेल्फ अ‍ॅडव्होकसी’ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर माइक येतो. एखादा चुणचुणीत ऑटिस्टिक मुलगा स्टेजवर बोलतोय, खाली आया डोळे पुसताहेत. मराठीत याला मी आपलं गाऱ्हाणं आपण घालणं म्हणेन, आणि त्याला माइक लागत नाही. ताट सरकवून देणं हेही गाऱ्हाणंच. मामाच्या लग्नात कार्यालयाच्या जिन्याखाली जाऊन बसणंही. मी लहानपणी तेच करायचे आणि मग सगळे मला शोधून काढून पंगतीत बसवायचे. “काकूंना नाव सांग. वर बघून सांग.” निदानासाठी आपल्याकडे जी भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि पहिलाच नजरेला नजर देण्याबद्दल. माझ्या निदानाच्या वेळी आई शेजारी बसून उत्तरं देत होती. मध्येच म्हणाली, “अहो डॉक्टर, आमच्या घरात निम्मे असेच आहेत.” आमची एक आत्या आयुष्यभर कुठल्या लग्नाला गेली नाही. तिला माणूसघाणी म्हणायचे. घुमी, तिरसट, एककल्ली, विक्षिप्त. निदान नव्हतं तेव्हाही मराठीत शब्दांची काही टंचाई नव्हती.

आणि आता ऑटिस्टिकसाठी आहे ‘स्वमग्न’. माझा या शब्दावर राग नाही, तो अभंगात शोभेल इतका देखणा आहे. मूळ शब्दात ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, त्याचं प्रामाणिक भाषांतर. पण त्या पोराकडे बघा. तो स्वतःत मग्न असता तर कान कशाला दाबले असते? त्या हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना सर्वांत जास्त तोच ऐकत होता.

कार्यक्रमानंतर एक आई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, “तुम्ही बोलता, कमावता, एकट्या रिक्षाने आलात. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला अजून मी आंघोळ घालते. तुम्ही त्याच्या वतीने काय बोलणार?” खोचकपणे नव्हत्या विचारत, दमून विचारत होत्या. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला समोरासमोर कधीच सुचत नाही, घरी येऊन तिसऱ्या दिवशी सुचतं. म्हणून इथे लिहितेय.

त्याच्या वतीने मी काहीच बोलणार नाही, ताई. पण अमेरिकेतल्या जिम सिंक्लेअर यांचं सांगते. ही ऑटिस्टिक व्यक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत बोलत नव्हती. १९९२ साली सिंक्लेअर आणि आणखी दोघी, डोना विल्यम्स आणि कॅथी लिस्नर, यांनी ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल सुरू केलं. तोवर ऑटिझमच्या परिषदा भरायच्या त्या पालकांच्या आणि तज्ज्ञांच्या. १९९३ मध्ये टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना तोंडावर सांगितलं, की तुमचा शोक खरा आहे, पण तो तुम्ही मनात धरलेल्या मुलाचा आहे. जे मूल समोर आहे ते मेलेलं नाही. पालकांच्या सभेत उभं राहून असं बोलायला छाती लागते. पण मला त्या भाषणापेक्षा त्यानंतरचं काम मोठं वाटतं.

१९९६ पासून या मंडळींनी ‘ऑट्रीट’ नावाचं निवासी शिबिर सुरू केलं. ऑटिस्टिक माणसांनी, स्वतःच्या सोयीने आखलेलं. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारायचा नाही, अत्तर लावून यायचं नाही, कुठल्याही सत्राला बसायची सक्ती नाही. आणि छातीवर रंगीत बिल्ले. लाल म्हणजे कुणीही बोलायला येऊ नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच या. हिरवा म्हणजे मला बोलायचंय, पण सुरुवात जमत नाही, तुम्हीच या. तो हिरव्याचा अर्थ वाचला आणि मला शाळा आठवली. मधल्या सुट्टीत नळाजवळ उभी राहून मी दहा वर्षं हेच म्हणत होते.

मराठीत या सगळ्याला ‘सवलत’ म्हणायची खोड आहे. सवलत देणारा देतो, मूड नसेल तर देत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी कल्पना आहे ती वाजवी सोयीची, आणि ती नाकारणं हा तिथे भेदभाव धरलाय. जिना सगळ्यांसाठी असतो, त्याला कुणी पायवाल्यांची सवलत म्हणत नाही. ऑटिझम तर १९९५च्या कायद्यात नव्हताच. १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या, म्हणजे ऑटिझमसारख्या अपंगत्वांसाठीच्या सरकारी संस्थेच्या, कायद्यात आला, आणि त्या कायद्यात मला एक फार आवडलेली गोष्ट आहे. न्यासाच्या मंडळावर नोंदणीकृत संस्थांचे जे सदस्य घ्यायचे, त्यात तीन स्वयंसेवी संस्थांचे, तीन पालकांच्या संघटनांचे आणि तीन खुद्द अपंग व्यक्तींच्या संघटनांचे. म्हणजे पालक वेगळे आणि आम्ही वेगळे, हे कायदा लिहिणाऱ्याला तेव्हाच कळलं होतं. पालकांच्या संघटना मला पुण्यात सहज सापडल्या. ऑटिस्टिक माणसांनी चालवलेली एक शोधायला निघाले आणि शेवटी स्वतःच आपल्यासारख्यांना बोलावून चहा ठेवला.

पालकांवर हा टोमणा नाही, खरंच. कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी घरातल्या दागिन्यांवर शाळा काढल्या. “आमच्या माघारी याचं कसं होणार” हा प्रश्न घेऊन ते झोपतात. पण त्या प्रश्नाचं एक उत्तर असंही आहे, की तुमच्या माघारी आम्ही असू. आत्तापासून ओळख करून दिलीत तर.

तर आमचा चहा. दोन वर्षं होतील. महिन्यातून एक रविवार, ओळखीच्यांच्या छापखान्यामागच्या गोदामात, कारण रविवारी यंत्रं बंद आणि जागा फुकट. पहिल्या दिवशी सहा जण आले. शाईच्या वासाने एक जण दहाव्या मिनिटाला उठून गेला. मला तो वास इतका घरचा, की माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तज्ज्ञांना शिव्या घालत मी सुरुवात केली आणि पहिल्याच बैठकीत माझाही ‘पाच मिनिटांचाच प्रश्न’ झाला. आता जागा बदललीय. बिल्ले कुठून आणणार, म्हणून दारात कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची टोपली ठेवतो. लाल, पिवळे, हिरवे. जो तो आपल्या बाहीला लावतो. चिमटा उघडबंद करत बसायलाही बरा, हा फायदा आम्ही योजला नव्हता.

ऑटिस्टिक आहेत, एडीएचडीवाले, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणारे आहेत, एक डिस्लेक्सिया असलेला, म्हणजे लिहिण्या-वाचण्याशी झगडावं लागणारा मुलगा आहे. सगळे एकमेकांना समजून घेतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन बघावं. एकीला गुणगुणल्याशिवाय बसता येत नाही, दुसऱ्याला गुणगुणणं कानात सुई घातल्यासारखं होतं. दोघांचंही खरं. उपाय काय, तर दोन खोल्या आणि मधलं दार उघडं. एका गृहस्थांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका रात्रीत पीएमपीच्या, म्हणजे पुण्यातल्या शहरबसच्या, मार्गांवर साठ मेसेज टाकले. दोघे ग्रुप सोडून गेले, तिघांनी पहाटेपर्यंत उत्तरं दिली. डिस्लेक्सियावाला व्हॉइस नोट पाठवतो, कारण टाइप करणं त्याला जड जातं. मला व्हॉइस नोट सोसवत नाही. शेवटी तो टाइप करायला लागला, आणि त्याच्या मेसेजमधल्या चुका दुरुस्त करून परत पाठवायच्या नाहीत, हे शिकायला मला चार महिने लागले. चार. मी स्वीकारावर भाषणं करणारी बाई.

कानगोष्टी खेळलाय ना आपण सगळे? कॅथरीन क्रॉम्प्टन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०च्या अभ्यासात तसलाच खेळ मांडला. ७२ माणसं, आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या. काही साखळ्या फक्त ऑटिस्टिकांच्या, काही इतरांच्या, काही मिश्र. ऑटिस्टिकांच्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत जास्त गळली. २०२५ साली मोठ्या संख्येवर पुन्हा करून पाहिलं तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही, म्हणजे वाद अजून संपलेला नाही. पण आपसात बोलताना आम्ही कमी पडतो, हे दोन्ही वेळा निघालं नाही. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश संशोधक २०१२ पासून तेच म्हणतायत, की न कळणं दुतर्फी असतं. स्वतः ऑटिस्टिक आहेत ते. सासरी गेलेल्या कुठल्याही मुलीला हे पीएचडी न करता माहीत असतं.

कार्यक्रमात भेटलेल्या त्या आई गेल्या महिन्यात मुलाला घेऊन आमच्या चहाला आल्या. त्याच्याकडे टॅबलेट आहे, चित्र दाबलं की शब्द उमटतो. तो दाराशीच उभा राहिला. आईने पटकन हिरवा चिमटा त्याच्या बाहीला लावला. त्याने काढला, टोपलीत टाकला, लाल शोधून लावला आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून बसला. त्या ओशाळल्या, म्हणाल्या, “अरे, सगळ्यांना हाय तरी कर.” कुणी काही बोललं नाही. पीएमपीवाले गृहस्थ त्याच्यापासून चार हातांवर बसून वेळापत्रक वाचत होते. तासाभराने टॅबलेटमधून आवाज आला, “बास. घर.” आणि दोघे निघाले. पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या, की तो कुठेही एक तास टिकल्याचं त्यांना आठवत नाही. लाल चिमटा बाहीलाच राहिला होता. परत मागितला नाही.

पुढची बैठक शेवटच्या रविवारी आहे. कुणाला यायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता पाठवते. लिहून मेसेज. फोन करू नका, मी उचलणार नाही.